ज्यूरीतली खुर्ची

“ज्यांच्या घरातल्या कोणाला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात कधी अटक झाली असेल, त्यांनी हात वर करा,” सरकारी वकील म्हणाला.

वर्लीन टिब्सनं दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले.

बाकांवर बसलेल्या गावकऱ्यांतून ज्यूरीचे बारा जण निवडायचे होते. आरोपीच्या जागी ट्रेव्हियन नावाचा काळा पोरगा बसला होता, कोणाचा तरी ढगळ कोट घालून. नदीपलीकडे इलिनॉयमध्ये गांजा दुकानात मिळतो, वर पावतीही देतात. ट्रेव्हियन तिथली पिशवी घेऊन पुलावरून अलीकडे केंटकीत आला आणि गुन्हेगार झाला. पाच वर्षं जाणार होती पोराची.

भराभर हात वर झाले. सगळे काळे. गोरा एकही नाही. काळ्या माणसाला काळा म्हणून ज्यूरीतून काढायला कायद्याची बंदी आहे. म्हणून तर हा प्रश्न विचारतात. वर्लीनच्या शेजारी बसलेल्या प्रुइट यांनीही हात वर केला. ते तिच्या चर्चचे डीकन. दर रविवारी लोकांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, करतो काय! हात दाखवून अवलक्षण.

त्यांनी वर्लीनला कोपरानं ढोसलं. “अगं, हात वर कर. शपथ घेतलीय आपण.”

“डीकन, तुम्ही तुमचा हात सांभाळा.”

“आणि कॉर्डेल?”

“त्याच्यासाठीच बसलेय इथं.”

कॉर्डेल तिचा मुलगा. अशाच गुन्ह्यात सहा वर्षं आत काढून आलेला. त्याच्या ज्यूरीत एकही काळा चेहरा नव्हता. ते बारा जण दुपारच्या जेवणाआधीच त्याचा निकाल लावून मोकळे झाले होते आणि वर्लीन मागच्या बाकावर बसून नुसती बघत राहिली होती. दोषी ठरवायला बाराही जणांचं एकमत लागतं. एकानं नाही म्हटलं तरी अडतं. तो एक नकार तिला आज द्यायचा होता. त्यासाठी खोटं बोलावं लागलं तरी चालेल, असं ती घरून ठरवूनच निघाली होती.

हात वर केलेल्यांना न्यायाधीशबाईंनी आभार मानून घरी पाठवलं. प्रुइट दारापाशी थांबले. त्यांनी वळून वर्लीनकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता निघून गेले. एवढं पाप त्यांनीही पदरात घेतलं.

आता बाकांवर ती एकटीच काळी. सरकारी वकिलाची नजर तिच्यावर आली. पण तो हसला आणि पुढे गेला. एखादा काळा चेहरा त्यालाही हवाच होता, उगाच नंतर कोणी बोट दाखवायला नको.

मग ट्रेव्हियनची वकील उठली. ब्रँट तिचं नाव. गरिबांना सरकार देतं ती वकील, त्यामुळे कायम झोप अपुरी असलेली.

“माझा एकच प्रश्न आहे,” ती म्हणाली. “अटकेचं सोडा. तुमच्या घरात कोणी कधी घेतलंय का? गांजा, गोळ्या, पावडर, काहीही. कॉलेजात, पार्टीत, कुठंही.”

कोणी हललं नाही.

“सगळे शपथेवर आहात,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

पुढच्या बाकावरचे म्हातारे शेतकरी केसलर खाकरले. “पोरगी,” हात वर करत ते म्हणाले. “दोनदा उपचाराला ठेवली.”

“मुलगा,” शाळेतल्या बाई म्हणाल्या. “पण आता दातांचा डॉक्टर आहे हं तो!”

बँकेतल्या गृहस्थांनी लालबुंद होऊन नुसताच हात वर केला. मग मागून दोन, त्यामागून चार. थोडं हसू फुटलं. झाकली मूठ एकदा उघडली की माणसांना बरंच वाटतं. बघता बघता सगळ्या बाकांवर हात उभे राहिले.

वर्लीनला राग आला. कानशिलं तापली तिची. यांतल्या एकाच्याही दारी कोणी गेलं नव्हतं. आणि कॉर्डेलला दमा, शेगडीच्या धुरानंसुद्धा धाप लागायची त्याला. मित्र सोफ्यावर जाकीट विसरून गेला, त्याच्या खिशात पुडी निघाली आणि घरात सापडला म्हणून कॉर्डेलला नेलं.

एकच हात खाली होता. ब्रँटनं तो पाहिला.

“मिसेस टिब्स, तुमच्या घरी कोणीच नाही?”

नुसतं नाही म्हटलं की झालं. ते खरंही होतं. सरकारी वकील खुशीत मान डोलवत होता. खुर्ची तिला मिळाल्यातच जमा होती. पुढे एक शब्द बोलली तर ती जाणार, वर खोटेपणाबद्दल न्यायाधीशबाई फैलावर घेणार ते वेगळंच. तिनं ट्रेव्हियनकडे पाहिलं. तो आ वासून ते सगळे हात बघत होता. ती इथं एका नकारासाठी आली होती, आणि इथं तर नकार देऊ शकतील अशी बाकंच्या बाकं भरून माणसं होती. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

वर्लीन उभी राहिली.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “माझ्या घरात कोणी कधी घेतलं नाही. माझ्या घरात फक्त पोलीस आले.”