शिकागोच्या गाडीपूर्वीचा पाऊण तास

“मामा, हे छत नीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका,” श्रीरंग म्हणाला आणि त्याने सासऱ्यांचा कोपर हळूच धरला.

दुपारचा दीड वाजला होता. शिकागोची गाडी सव्वादोनला सुटणार होती. त्या गाडीने त्याची पत्नी नीला आणि तिचे वडील दिगंबरराव प्रस्थान करणार होते आणि शिकागोहून मुंबईचे विमान पकडणार होते. नीला परत येणार नव्हती. तसे तिने सांगितले नव्हते. परंतु आपल्या आईचा फोटो भिंतीवरून काढून तिने बॅगेत ठेवला, तेव्हाच श्रीरंगाने ते ओळखले होते.

म्हणून ही गाडी चुकणे अत्यावश्यक होते. गाडी चुकली की विमान चुकेल. दुसरे आरक्षण मिळेपर्यंत दोन आठवडे सहज जातील. दोन आठवड्यांत पाषाणालाही पाझर फुटतो, अशी त्याची श्रद्धा होती.

उपाय त्याने योजून ठेवला होता. दिगंबरराव हे भुसावळच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले फिटर. डेट्रॉइटचे हे प्राचीन स्थानक पाहून ते देहभान विसरणार, हे निश्चित होते. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. अशा पित्याला परमुलखात एकटे टाकून नीला गाडीत पाऊल ठेवणार नाही, हेही तितकेच निश्चित होते. श्रीरंगाने ते राहत असलेल्या नोव्हाय या उपनगराच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून पंधरा दिवस स्थानकाचा अभ्यास केला होता. परीक्षेसाठीही त्याने कधी इतके जागरण केले नव्हते.

“तुम्ही जाऊन या,” प्रतीक्षालयातल्या बाकावरून नीला म्हणाली होती. “मी बसते सामानापाशी. बाबांना सगळं नीट दाखव. टेक युवर टाइम.”

कित्येक महिन्यांनी तिच्या स्वरात मार्दव आले होते. त्याचे हृदय आशेने भरून आले.

“रोमन लोकांच्या स्नानगृहांवरून ही कल्पना घेतली,” श्रीरंग वर बोट दाखवून सांगू लागला.

“आंघोळीला एवढं उंच छत?” दिगंबरराव म्हणाले. “पाणी गार होत असेल.”

ते प्रत्येक कमानीखाली थांबले. एका खांबाला त्यांनी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले.

“पोकळ नाही. भरीव दिसतोय. याच्या पलीकडचाही बघू.”

त्यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे चाल मंद होती. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे गाड्यांच्या वेळांवर काढली, तो आज मनगटावरच्या घड्याळाकडे एकदाही पाहत नव्हता. श्रीरंगाने मनोमन दैवाचे आभार मानले.

मागील उन्हाळ्यात नीला अशीच न सांगता निघाली होती. त्याने तिला बसस्थानकावरून मनगट धरून परत आणले होते, कारण तिच्यावाचून तो जगू शकत नव्हता. तेव्हापासून मोटारीची किल्ली तो स्वतःच्या खिशात ठेवी. लोक याला संशय म्हणतात. तो याला काळजी म्हणत असे.

दोन वाजण्यास दहा मिनिटे असताना दिगंबरराव थांबले.

“जावईबापू, आता मागं फिरायचं?”

श्रीरंगाने चोरून घड्याळाकडे पाहिले. अजून पंचवीस मिनिटे उरली होती. पण म्हाताऱ्यानेच पुढे विचारले.

“का तो टॉवर समोरून बघायचा? तुम्हीच म्हणालात, बागेतून चांगला दिसतो.”

“हो, हो. टॉवर राहिलाच की. त्याच्याशिवाय मजा नाही, मामा.”

ते बाहेर पडले. नोव्हेंबरचा वारा अंगाला झोंबत होता. बाग ओलांडून ते पार टोकाशी गेले. समोर अठरा मजल्यांचा मनोरा करड्या आकाशात मूक उभा होता.

“१९१३ साली जुनं स्टेशन जळालं,” श्रीरंग म्हणाला. दात वाजत असल्याने त्याचे शब्द तुटत होते. “म्हणून हे ठरल्याआधीच ओपन करावं लागलं. त्याच दिवशी.”

“आग लागल्यावर माणूस मुहूर्त बघत नाही. आणि वर कोण राहतं?”

“ऑफिसं होती. वरचे काही मजले तर आतून कधी पूर्ण झालेच नाहीत.”

“म्हणजे बाहेरून अठरा मजले आणि आत रिकामं.” दिगंबररावांनी मफलर कानांवर ओढला. “आमच्या नीलाची पत्रं अशीच यायची. घर मोठं, बाग मोठी, सगळं छान.”

श्रीरंग हसला. हसण्यात चार क्षण गेले, तेही त्याच्या पथ्यावरच पडले.

“खिडक्या किती असतील?” म्हाताऱ्याने विचारले.

“मोजू या का?”

“मोजू की. खालपासून घ्या. चुकलात तर पहिल्यापासून.”

श्रीरंग मोजू लागला. तो दोनदा चुकला, एकदा मुद्दाम आणि एकदा खरोखर. तिसऱ्या वेळी तो सातव्या मजल्यावर पोहोचला असता इमारतीमागून इंजिनाचा दीर्घ भोंगा ऐकू आला. पाठोपाठ चाकांचा खडखडाट हळूहळू लांब गेला.

त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. ते सुखाचे होते, परंतु त्याने चेहरा दुःखी केला.

“अरेरे, मामा. गाडी गेली. मिस्टेक माझीच. माझं लक्षच राहिलं नाही. चला लवकर, नीला काळजी करत असेल.”

दिगंबरराव हलले नाहीत. त्यांनी जवळच्या बाकावरचे ओले पान हाताने बाजूला सारले आणि तेथे सावकाश बैठक मारली.

“पळू नका, जावईबापू, बाकावर आता कोणी नाही,” ते म्हणाले. “तिकीट तिचं एकटीचंच काढलं होतं. तुम्हाला गाडी सुटेपर्यंत बाहेर गुंतवून ठेवायचं, एवढंच काम तिनं माझ्याकडे दिलं होतं.”