पाठीवरचं पाणी

सारजाने बोकडाचं तोंड मांडीवर घेतलं आणि ओवा-गुळाचा काढा हळूहळू पाजला. "पी रे माझ्या राजा." तो पार खंगला होता, मानही धरवत नव्हती.

"जत्रेआधी उठव त्याला," सासू उंबऱ्यातून म्हणाली. "आजारी जनावर देवीला चालत नाही."

"आत्याबाई, माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे..."

"माळ तू घातलीस, नवस मी बोललेय. तुझ्या नवऱ्याचा ताप देवीनंच उतरवला ना?"

सारजाने बोकडाची मान सावरली. काढा थांबवला तर बोकड आजच मरणार, पाजला तर जत्रेत. पण कीर्तनात बुवा सांगायचे, मुक्या जिवाच्या डोळ्यांतून देवच आपल्याकडे बघत असतो. त्या डोळ्यांकडे पाठ फिरवणं तिला जमेना. शिवाय एक आशा होती. पाठीवर पाणी शिंपडल्यावर बोकडाने अंग झाडलं तरच देवीने तो स्वीकारला, नाहीतर त्याला सोडून देतात.

जत्रेच्या सकाळी बोकड आपल्या पायांनी देवळापुढे आला. सासूने पाणी शिंपडलं. तो ढिम्म उभा. सारजा मनातल्या मनात विठ्ठलाचा धावा करत होती. सासूने पुन्हा तांब्या कलता केला, आणि बोकडाने शिंगांपासून शेपटीपर्यंत सारं अंग झाडलं. थेंब सारजाच्या माळेवर उडाले.

"स्वीकारला गं बाई!" सासूने कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. "तुझ्याच काढ्यानं अंगात बळ आलं त्याच्या."

बोकड मात्र सवयीने सारजाच्या पदरात तोंड खुपसून काढा शोधत होता.