शिंप्याची सही

"अख्ख्या इमारतीच्या सह्या झाल्या, एक तुझी तेवढी अडलीय," मास्तर भर सभेत म्हणाले. "आता किती ताणणार आहेस?"

शिंपीकाकांनी मान वर केली नाही. गच्चीवर सगळी बिऱ्हाडं जमली होती आणि मधल्या खुर्चीत बिल्डरचा माणूस पाय पसरून बसला होता. जुनी इमारत पाडायची, तिच्या जागी टोलेजंग मनोरा बांधायचा, आणि तोवर सगळ्यांनी शहरात मिळेल तिथे पांगायचं, असा बेत होता. एकानेही नकार दिला तर मात्र इमारतीला हात लावता येत नव्हता.

काकांचं म्हणणं साधं होतं. तळमजल्यावर खिडकीशी त्यांचं मशीन. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच पँट आत द्यायचं नि कमरेत सैल करून घेऊन जायचं. उद्या चौदाव्या मजल्यावर एक बटण लावायला कोण कडमडणार? या वयात परक्या वस्तीत जाऊन नव्याने ओळखी काढायच्या, हे तर त्यांना विचारानेच नको व्हायचं. घर सोडायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मास्तरांची हयात वर्गावर ओरडण्यात गेलेली, एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही. शिंपी आडमुठा आहे, सगळ्यांच्या वाटेत आडवा पडलाय, असं त्यांनी खणखणीत आवाजात सुनावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनीही तोंडसुख घेतलं. बिल्डरचा माणूस समाधानाने ऐकत होता. तो जिना उतरून गेला तशी सभाही उठली.

पुढचे दिवस वाईट गेले. जिन्यात समोरासमोर आलं की माणसं नजर चुकवायची. मास्तर रोज संध्याकाळी काकांच्या टेबलाशी गप्पा छाटायला येत, तेही बंद झाले. त्यांनी गॅलरीत लिंबाचं रोप लावलं, पण ते बघायला काकूंना बोलावलं नाही. नर्सबाईंनी घराला नवा रंग दिला, खिडक्यांचे पडदे बदलले आणि ते शिवायला चक्क दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. इतक्या वर्षांची शेजारीण, पण तिनेही पाठ फिरवली! काकांना ते फार लागलं.

काकूंचे तर हालच झाले. दुपारी दार सताड उघडं टाकून त्या वाट बघायच्या, आणि पावलं दारावरून सरळ वर निघून जायची. एके दिवशी भांडी घासता घासता त्यांना रडू कोसळलं.

"घर राहील हो," त्या म्हणाल्या, "पण माणसं तुटली तर मी काय भिंतींशी बोलू?"

त्या दिवशी मशीनवर त्यांची टीप सारखी वाकडी जात राहिली. शेवटी त्यांनी हातातला कोट बाजूला ठेवला, चपला घातल्या आणि बिल्डरचं ऑफिस गाठलं.

काकांनी सही केली. बिल्डरच्या माणसाने त्यांना जावयासारखं खुर्चीत बसवलं, चहा पाजला, महिनाअखेर इमारत रिकामी करायची आणि मग लगेच पाडकाम, असंही हसत हसत सांगून टाकलं.

परतताना काकांना रडूही येत होतं आणि हलकंही वाटत होतं. घरावर पाणी सोडलं, पण माणसं तरी परत मिळाली. ते घरी न जाता तडक मास्तरांकडे चढले. नर्सबाई तिथेच बसलेल्या होत्या.

"केली बाबा सही," काका दारातूनच म्हणाले. "आता तरी बोला आमच्याशी."

नर्सबाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मास्तर उठले, पुन्हा बसले.

"कुणाला विचारून केलीस?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"म्हणजे? तुम्हीच तर सभेत..."

"त्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमची कुणाची छाती झाली नाही," मास्तर म्हणाले. "त्याच्यासमोर तुला बोललो, मग तुला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली." त्यांनी मान खाली घातली. "तू मेलास तरी सही करणार नाहीस, या भरवशावर आम्ही सगळ्यांनी केल्या."