दाजींचा तळहात

जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं आमचं यंत्र न्यूट्रॉन सोडतं, आणि पाणी किंवा प्लास्टिक जवळ आलं की टिकटिकतं. माणसाच्या अंगातही पाणीच जास्त. म्हणून कामाआधी सगळ्यांनी यंत्राखाली तळहात धरायचा, ही आमची रीत.

त्या सकाळी माझ्या हातावर ते टिकटिकलं. दाजींच्या हातावर गप्प राहिलं.

“तुमच्या अंगात पाणी नाही, असं ताई म्हणतेच,” मी म्हणालो.

दाजी हसले, पण हात त्यांनी लगेच खिशात घातला. एकाच्या हातावर वाजलं म्हणजे यंत्र ठीक, असं म्हणून आम्ही कामाला लागलो.

साफ केलेल्या पट्ट्याच्या टोकाशी बसून मी पुढची माती तपासू लागलो. दाजी बरेच मागे उभे होते. माती राखेसारखी कोरडी होती, तरी टिकटिक सुरू झाली. आवाज येईल तिथे मी हलकेच लाल चकती ठेवत गेलो. मग मान वर करून पाहिलं.

चकत्यांनी एक तळहात आखला होता. पाचही बोटं पसरलेली.

खात्री करायला मी पुन्हा यंत्र फिरवलं. बोटांवर आता आवाज नव्हता. सगळी टिकटिक मधोमध गोळा झाली होती.

मूठ मिटली होती.

“अरे, दुखतंय,” मागून दाजी कळवळले. “सोड ना माझा हात!”

माझे दोन्ही हात यंत्राच्या दांड्यावर होते.