पुलावरचा दिवा

एदिल्माने सायकलच्या दुकानातला एकेक दिवा पेटवून पाहिला. "नवऱ्यासाठी हवाय. कौका नदीच्या पुलावर असला, तरी आमच्या खिडकीतून दिसला पाहिजे."

"एवढी वाट बघता रुबिएलची?" दुकानदार आर्सेसिओ हसला. "आमची तर दार उघडायलासुद्धा उठत नाही. सांगतोच त्याला, नशीब काढलंस म्हणून!"

घरी येऊन स्क्रू घट्ट आवळून तिने स्वतःच दिवा रुबिएलच्या सायकलच्या हँडलवर बसवला. साखर कारखान्यातून सुटला, की रुबिएल आधी गुत्त्यावर जायचा, मग घरी. पुलावर दिवा चमकला, की एदिल्माच्या हातात सात मिनिटं असायची. तेवढ्यात ती दोन्ही पोरींना शेजारणीकडे पोचवायची, खुंटीवरचा कोयता छपरात लपवायची आणि मुकाट मार खायला तयार व्हायची.

शनिवारी बारा वाजून गेले, तरी पुलावर काळोखच होता. पोरी गाढ झोपल्या होत्या. कोयता खुंटीवरच होता.


मागून एक हात आला आणि विझवलेला दिवा तिच्यासमोर खिडकीत ठेवून रुबिएलने विचारलं, "आर्सेसिओ म्हणत होता, मी पुलावर असतानाच तुला हा दिसायला हवा होता. का गं?"