दुपारचाच कोट

पंचफुलाबाईंचा मुलगा सुगत जर्मनीतल्या दूरदर्शनसारख्या एका बातम्यांच्या चॅनलमध्ये थेट प्रक्षेपणाचं काम बघायचा. म्हणून त्या अकोल्यात बसून रोज मोबाइलवर तेच चॅनल लावत. भाषा ओ की ठो कळत नसे, पण बातम्या देणाऱ्या बाईचा कोट मात्र बरोबर लक्षात राही. दुपारचाच कोट संध्याकाळी पुन्हा दिसला, की पंचफुलाबाईंची कळी खुलायची.

"आत्या, शिळ्या बातम्या पाहून कावून खुश होऊन राहिली?" अमरावतीला जर्मनचा क्लास लावलेली भाची रश्मी घरी आली, की हसायची.

यंदा चॅनल वाढलं. चोवीस तास ताज्या बातम्या आणि घडोघडी नवा कोट! सुगतला बढती मिळाली. पंचफुलाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि आठवड्याभरातच रश्मीला बोलावून समोर बसवलं.

"तुले जर्मन येते ना? मंग त्या चॅनलवाल्याईले चिठ्ठी लिव्ह. म्हन, पयलेसारख्या शिळ्याच बातम्या दाखवा."

"आत्या, असं कसं लिहू? काही कारण तं सांगा लागन ना!"

 

"लिव्ह का, शिळ्या बातम्या लागल्या म्हंजे माह्या सुगतले मले फोन कराले फुरसत भेटे."