डोळ्यातली दुर्बीण

"तिकडे नाही आजी, समोर. नाकासमोर बघा."

सासूबाईंची मान पुन्हा खिडकीकडे वळली होती. डॉक्टरांनी हनुवटीला बोट लावून ती सरळ केली, डावा डोळा झाकला. समोर भिंतीला टेकून सून उभी होती. अक्षरांचा तक्ता नंतर. आधी घरातलं माणूस पाहायचं, अशी या डॉक्टरांची रीत.



महिन्यापूर्वी शस्त्रक्रिया करून सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात वाटाण्याएवढी दुर्बीण बसवली होती. तिच्यातून नीट बघायला त्या आज पहिल्यांदा शिकत होत्या. वयाने दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला होता. समोरच्या माणसाला चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. सून लग्न होऊन आली ती त्या डागातच. सासूने तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

आणि सून? सून नकला करायची.

एकदा केली. नवरा हसला. मग रोज. सासूबाई ताटात चाचपडू लागल्या, की हिचे हात हवेत चाचपडायला लागत. कप शोधणारी बोटं. चष्मा शोधणारी बोटं. हुबेहूब! नवरा "पुरे हं" म्हणायचा आणि ठसका लागेपर्यंत हसायचा.

"काय झालं रे?"

"काही नाही आई, ऑफिसातली गंमत."

सासूबाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायच्या. भिंतीकडे बघणाऱ्या माणसाची कसली भीती? हिला आणखी चेव यायचा.

आज नणंदही आली होती, आईला कायमची आपल्याकडे न्यायला. सासूबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं. त्या गेल्या, तर चारचौघांत सुनेचं नाक कापलं जाणार. राहिल्या, तर त्या नव्या डोळ्यासमोर रोज वावरायचं. म्हणून सकाळी तिने आरशापुढे उभं राहून गरीब गाईसारखा चेहरा बसवून पाहिला होता. तोच घेऊन ती आता उभी होती.

"मान वळवायची सवय मोडायला वेळ लागतो," डॉक्टर नणंदेला सांगत होते. "यांचं मधलं दिसणं गेलं होतं. कडेचं नाही, ते चांगलं दिसत होतं. म्हणून या आजारात माणसं तोंड फिरवून बघतात. भिंतीकडे तोंड केलं, की समजायचं, आपल्याकडेच बघताहेत."

सुनेचे हात—

तिने ते पाठीमागे घेतले. कुठे ठेवू नि कुठे नको, असं झालं. कानशिलं तापली. गरीब गाय कुठल्या कुठे पळाली.

"दिसतंय का आजी?"

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. सरळ, नाकासमोर.

"दिसतंय. रडतेय ती."

"वहिनी, अगं, आनंदाच्या वेळी काय रडतेस!" नणंद म्हणाली. "आई, मग ठरलं ना? चल माझ्याकडे. हिचीही सुटका होईल."

सुनेला मान वर करवेना. आता त्या सांगणार. सगळं, सगळ्यांसमोर. सांगूनच टाकावं त्यांनी, असंही तिला वाटलं.

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हिचे हातच बघितले मी. आता जरा चेहरा बघू दे."